दोन विहिरींची भिंत

रस्ता रुंद करताना आमच्या शाळेची जुनी कंपाउंडची भिंत गेली आणि तिच्या जागी नवी आली, तेव्हा सगळ्यांत आधी खूश झाले ते तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे. इतकी लांब आणि इतकी कोरी भिंत नागपुरात हिंगणा रोडच्या त्या पट्ट्यात दुसरी नव्हती. आठवडाभरातच तिच्या तळाशी लाल शिंतोडे दिसायला लागले. मग एका कोचिंग क्लासवाल्याचा निरोप आला की भिंत आम्ही फुकटात रंगवून देतो, फक्त आमचे पहिले आलेले पोट्टे तिच्यावर राहतील. पोट्ट्यांच्या फोटोंचे नमुनेही त्यानं पाठवले. सगळे हाताची घडी घालून उभे, जणू भिंत त्यांनीच बांधली.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. "भिंतीचं काय करायचं ते तुम्ही बघा. रंगाचं खातं तुमचं."

मी या शाळेत चित्रकला शिकवते. चित्रकलेच्या बाईंचं खातं केवढं पसरलेलं असतं, ते ज्यानं शाळेत नोकरी केली त्यालाच ठाऊक. स्नेहसंमेलनाचा पडदा, दारातली रांगोळी, पाहुण्यांच्या स्वागताचा फळा, गणपतीची आरास, सगळं आमच्याकडे. एकदा तर पाण्याच्या टाकीवर 'पिण्याचे पाणी' लिहायला मला शिडीवर चढवलं होतं आणि खालून क्रीडाशिक्षक 'पि'ची वेलांटी तिरपी झाली म्हणून सांगत होते. तेव्हा भिंत माझ्याकडे आली याचं मला नवल वाटलं नाही. फक्त तिची लांबी मी पावलांनी मोजून आले.

त्याच सुमारास शाळेचा वर्धापनदिन होता. संस्थेचे सचिव दरवर्षी एकच भाषण करतात. त्यांच्या वडिलांनी शाळा काढली. ते सायकलवर बसून सीताबर्डीहून इथे कसे आले आणि "जिथे बाभळी आणि दगडांशिवाय काहीच नव्हते, तिथे" ज्ञानाचं रोपटं कसं लावलं, हे ते दरवर्षी सांगतात. आम्हा शिक्षकांना ते वाक्य विरामचिन्हांसकट पाठ होतं.

कार्यक्रम संपल्यावर मी मुलींच्या डोक्यावरचे कागदी मुकुट गोळा करत होते. सातवीतल्या एका मुलीची आई जवळ आली. उंच, हसतमुख बाई, खांद्याला मोठी कापडी पिशवी, बोटांच्या नखांत निळा रंग.

"मॅडम, एक विचारू का? सर म्हणून राहिले होते का इथी काहीच नव्हतं. मंग माझे बाबा जन्मले कुठी?"

मला आधी कळलंच नाही. तिनं पायाखालच्या मैदानाकडे बोट दाखवलं. "इथी गोंडाची टोली होती. आमची. पंधरा-वीस घरं. बाबा याच जागेवर जन्मले, आत्याही. मंग प्लॉटायचं लेआउट पडलं, शाळा आली, आन आम्हाले नाल्याच्या पल्याड नेलं. आता थोच नाला पार करून माझी पोरगी शाळेत येते." आणि हे सगळं सांगून ती मोठ्यानं हसली. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. एखादी गमतीची चूक सापडल्यावर माणूस हसतं तसं ते हसणं होतं.

मी नखांतल्या निळ्या रंगाबद्दल विचारलं. ती चित्रकार निघाली. गोंड चित्रं काढायची. मध्य प्रदेशात मंडल्याकडे दिलेल्या मावशीकडे राहून शिकली होती. शहरातल्या एका हॉटेलची आणि एका दवाखान्याची भिंत तिनंच केली होती, दिल्लीच्या प्रदर्शनात जाऊन आली होती. दवाखान्याची ती भिंत मी पाहिली होती. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तासन्‌तास रांगेत बसायचो तेव्हा समोर तेच मोर असायचे.

मी म्हटलं, "ताई, माझ्याकडे एक भिंत आहे."

"पाह्यली मी," ती म्हणाली. "सगळ्या नागपुरानं पाह्यली."

मोठ्या बाईंना कल्पना एकदम पसंत पडली. एकतर कोचिंग क्लासचे पोट्टे टळत होते आणि दुसरं म्हणजे बाईंना मनापासून चित्रं आवडतात. मानधनाचं बोलणं झालं, सचिवांची फोनवर परवानगी झाली, आणि एका दुपारी ती चित्रकार ताई केबिनमध्ये आमच्यासमोर बसली. बाईंनी फोनवर काही चित्रं शोधून ठेवली होती. सगळ्यांत एकच हरीण. शिंगांतून झाड फुटलेलं, झाडावर पक्षी.

"असं काहीतरी," बाई म्हणाल्या.

"हे हरीण मी लय काढते," ताई म्हणाली. "लोकायले आवडते. पण बाई, आमच्या टोलीत हरीण कोणी पाह्यलं? इथी होत्या बकऱ्या."

"मग बकऱ्या काढणार?"

"आधी आत्याले आन बाबाले विचारावं लागन. मी तर इथी राह्यलीच नाही. त्यायले एक डाव शाळेत आणू का?"

बाई म्हणाल्या, "अहो, परवानगी कसली? कधीही आणा."

शनिवारी ताईबरोबर ती दोघं आली. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं मोजकं. आत्या त्यांची मोठी बहीण. ठेंगणी, गोल, कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण, आणि आवाज असा की प्रार्थनेला माइक लागू नये. फाटकाशी आली आणि थबकली. चप्पल काढली.

मी पुढे झाले. "आत्या, चप्पल राहू द्या. या ना. कधी आला नव्हतात का आधी? नात शिकते ना इथे."

"नाही वं. पोरीले सोडाले येते थे फाटकापर्यंत."

"आत का नाही आलात?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. अगदी साधेपणानं म्हणाली, "कोनी बोलावलं नाही."

मोठ्या बाई माझ्या मागेच होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. मग त्यांनी आत्याचा हात धरला, तसाच धरून तिला पायऱ्या चढवल्या आणि शिपाईमामांना हाक मारून सांगितलं, "चहा करा. पाच जणांचा. साखर नीट घाला."

पण आत्याला चहात रस नव्हता. तिला जागा पाहायची होती. व्हरांड्यातून उतरून ती तडक मैदानात शिरली आणि आम्ही सगळे तिच्या मागे. कुठे आखर होतं, म्हणजे गुरं गोळा करायची मोकळी जागा, ते तिनं दाखवलं. आज तिथे आमची प्रयोगशाळा आहे. त्यांचं घर मधल्या सुट्टीत मुलं डबे खातात त्या शेडच्या जागी होतं. सायकल स्टँडच्या मागे एक मोहाचं झाड आहे. आम्हाला ते फक्त कटकट म्हणून माहीत. चैत्रात फुलं पडतात, मुलं ती तुडवतात, चिकट होतं, वासानं डोकं भणभणतं. आत्या त्या झाडासमोर उभी राहिली, त्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि खोडावर थाप मारली.

"लठ्ठ झाला," ती म्हणाली. मग स्वतःच्या पोटाकडे पाहून खो खो हसली. "चालते. मी कुठी बारीक राह्यली!"

हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. बाबा दुसरीकडे पाहत होते.

इथवर बहीणभावांचं एकमत होतं. भांडण लागलं ते विहिरीवरून.

"आन इथी होती इहीर," आत्या सायकल स्टँडच्या कोपऱ्यात पाय आपटून म्हणाली.

"नाही," बाबा म्हणाले. सकाळपासून त्यांनी उच्चारलेला बहुधा तो तिसरा शब्द असेल. "विहीर तिकडे होती. स्टाफरूमखाली."

"काहून खोटं बोलून राहिला गा? मी पानी भरलं की तू?"

"मी पडलो होतो तिच्यात. मला ठाऊक नसेल?"

"पडला तेव्हा तू एवढुसा होता! तुले काय दिसलं? अंधार दिसला!"

तोवर मधली सुट्टी झाली होती. सगळी शाळा त्या दोघांभोवती जमली. पोरांनी दोन तट पाडले. सहावीवाले आत्याच्या बाजूनं, सातवीवाले बाबांच्या. गणिताच्या सरांनी मध्ये पडून सांगितलं की उतार पाहता विहीर दोन्हीकडे शक्य नाही, नाल्याकडे असणार. त्यावर दोघं बहीणभाऊ एकत्र होऊन सरांवर उलटले. "तुमी होता का तिथी?" घंटा झाली तरी कोणी वर्गात जाईना. शेवटी मोठ्या बाईंनाच पोरांना हाकलावं लागलं. चहा तोवर थंड झाला होता. आत्यानं तो तसाच पिऊन टाकला आणि म्हणाली, "चांगला आहे. पण साखर लय झाली."

दिवाळीची सुट्टी संपल्यावर काम सुरू झालं. ताईनं आधी भिंत घासून घेतली, पांढरा हात दिला, आणि मग कोळशानं मोठमोठे आकार आखले. मी दुपारच्या तासांना वर्गच बाहेर नेत असे. मुलांना वाटलं होतं की ब्रश हातात मिळाला की मजा. ताईनं त्यांना पहिले काही दिवस नुसती वहीत बारीक रेघ भरायला लावली. गोंड चित्रात आकार सोपा, खरं काम आतल्या भरणाचं. कोणी ठिपके भरतं, कोणी खवले, कोणी तांदळाच्या दाण्यासारख्या रेघा. प्रत्येक चित्रकाराचं भरण वेगळं. ताईचं भरण म्हणजे बाजूबाजूला तीन लहान रेघा आणि खाली एक ठिपका.

"हे कुठून आणलं?" मी एकदा विचारलं.

"आत्याच्या हातावरून." तिनं खरंच आत्याला बोलावून तिचा हात भिंतीला लावून दाखवला. गोंदणात त्याच तीन रेघा आणि ठिपका. आत्याला या प्रकाराची फार मजा वाटली. त्यानंतर ती रोज यायला लागली. घरून खुर्ची आणायची, फुटपाथवर मांडायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना चित्र समजावून सांगायची. ऑटोवाले थांबायचे. कंपनीच्या बसमधले कामगार खिडकीतून ओरडायचे, "आजी, वाघ नाही का?" आत्या ओरडून उत्तर द्यायची, "तू आहे ना!"

भिंत भरत गेली. एका टोकाला साजाचं, म्हणजे ऐनाचं झाड आलं, ज्यात त्यांचा देव राहतो. ते झाड कधीच तुटलं होतं, त्यामुळे ताईनं ते सगळ्यांत मोठं काढलं. मग घरं, आखर, बकऱ्या, भरपूर बकऱ्या. एक बकरी घराच्या छपरावर होती, कारण आत्याच्या म्हणण्यानुसार त्यांची एक बकरी खरोखर छपरावर चढायची. मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाया. आणि विहीर आली, सायकल स्टँडच्या अंगाला.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. पाठीमागे हात बांधून भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले. मुलीला काही बोलले नाहीत. मला हळूच म्हणाले, "मॅडम, चित्र फार सुंदर आहे. फक्त विहीर चुकली." आणि त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला हसूही येईना.

मी ताईला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, निळा रंग कपाळाला लागला. "हे दोघं मले जगू देत नाहीत." थोडा वेळ ती भिंतीकडे पाहत बसली. मग उठली आणि प्रयोगशाळेच्या पलीकडे, स्टाफरूमच्या अंगाला, दुसरी विहीर काढली. अगदी पहिलीएवढीच. दोन्हींच्या काठावर एकेक मूल. एक मुलगी पाणी शेंदते आहे आणि एक मुलगा दुसऱ्या विहिरीत डोकं खाली, पाय वर, पडतो आहे.

"झालं," ती म्हणाली. "आता भांडा म्हणावं."

बाबांनी तो पडणारा मुलगा पाहिला आणि पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. आत्यानं मात्र दुसऱ्या विहिरीकडे पाठ करून खुर्ची मांडायला सुरुवात केली.

मग आला मजकुराचा प्रश्न. फाटकाजवळ थोडी जागा सोडली होती. तिथे गोंडीत आणि मराठीत काही लिहायचं होतं, ही जागा कोणाची ते सांगणारं. सचिवांनी फोनवरून मजकूर पाठवला. "पूर्वी येथे आदिवासी बांधवांचे वास्तव्य होते." मी तो ताईला वाचून दाखवला. तिनं ब्रश खाली ठेवला.

"होते म्हणजे? मेले का सगळे? मी काय भूत आहो का मॅडम, भिंत रंगवून राहिली तर?"

तिनं स्वतःचा मजकूर सांगितला. मी तो कागदावर उतरवून मोठ्या बाईंकडे नेला. बाई मूळच्या मराठीच्या शिक्षिका, व्याकरणाच्या पक्क्या. त्यांनी वाचला, एक स्वल्पविराम टाकला आणि म्हणाल्या, "यात काय चूक आहे? काळ बरोबर आहे. माणसं राहतात, तर राहतात लिहायचं."

सचिव मात्र अस्वस्थ झाले. ते स्वतः शाळेत आले. वाईट माणूस नव्हे, पण जमीन म्हटलं की त्यांचा आवाज बदलतो. "बाई, 'ही जागा टोलीची' असं आपणच भिंतीवर लिहून द्यायचं? उद्या कोणी हक्क सांगायला उभं राहिलं म्हणजे?"

"सर, ती भिंत आहे, सातबारा नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"लोक फोटो काढतात हो."

"काढू द्या. चित्र चांगलं आहे."

हे बोलणं फाटकाजवळच चाललं होतं. आत्या खुर्चीत बसून शांतपणे ऐकत होती. सचिवांकडे तिनं बराच वेळ निरखून पाहिलं आणि एकदम विचारलं, "तू सायकलवाल्या गुरुजीचा पोरगा काय गा?"

सचिव दचकले. त्यांना 'गा' म्हणणारं माणूस गेल्या कित्येक वर्षांत भेटलं नसावं. "हो. माझे वडील सायकलवर यायचे."

"तसंच नाक आहे. आले होते ना जागा पाहाले. उन्हाचे. घामाघूम झाले होते. मीच पानी देल्लं त्यायले. दोन लोटे पेले, आन म्हणाले, पोरी, अशा गोड पाण्याची विहीर मी कुठं पाहिली नाही."

सचिव तिच्याकडे पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "आमचे वडील हे सांगायचे. शेवटपर्यंत सांगायचे. दवाखान्यात असतानाही म्हणाले होते की तसं पाणी पुन्हा मिळालं नाही." ते थांबले. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना स्वतःचंच भाषण आठवलं असावं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आजी, कुठली हो ती विहीर?"

"ही," आत्या डावीकडे बोट दाखवून म्हणाली.

"ती," मागून बाबांचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले होते कोणास ठाऊक. त्यांचं बोट उजवीकडे होतं.

सचिवांनी डावीकडची विहीर पाहिली, उजवीकडची पाहिली, डोकं खाली आणि पाय वर असलेला मुलगा पाहिला, आणि ते हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतके हसले. जाताना मोठ्या बाईंना म्हणाले, "लिहा तुम्हाला हवं ते. फक्त शुद्धलेखन तपासा."

तर भिंतीवर असं लिहिलं: "ही शाळा गोंडांच्या टोलीच्या जागेवर उभी आहे. टोलीतली माणसे आता नाल्यापलीकडे राहतात, आणि त्यांची मुले या शाळेत शिकतात. या जागेला, इथल्या झाडाला, पाण्याला आणि त्या माणसांना आमचा जोहार." वर गोंडीत आणि खाली मराठीत. गोंडीतली अक्षरं बाबांनी स्वतः लिहून दिली, खिशातल्या पेनानं, टपालातल्या माणसाच्या स्वच्छ अक्षरात.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर भिंतीचं उद्घाटन केलं. नाल्यापलीकडून पन्नासेक माणसं आली होती, ठेवणीतले कपडे घालून. पिवळी उपरणी, नऊवाऱ्या, जीन्स, सगळं. आमच्या मुलांना आपल्या वर्गातल्या दोस्तांचे आजी-आजोबा पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसलेले पाहून फार गंमत वाटत होती. सचिवांनी आत्याला दोन शब्द बोलायची विनंती केली. तिनं माइक बाजूला सारला. तो तिला लागतच नव्हता. मग ती गोंडीत बोलायला लागली. हात हलवून, झाडाकडे, आभाळाकडे, भिंतीकडे दाखवत बरंच बोलली. तिच्या माणसांत कोणी हसत होतं, कोणी मान डोलवत होतं, दोन बाया रडत होत्या. बाकी आम्ही सगळे, शिक्षक, पालक, पुढारी, समजल्यासारखा चेहरा करून बसलो होतो.

संपल्यावर आत्यानं समोर बसलेल्या पोरांना विचारलं, "समजलं का रे पोट्टेहो?"

"नाही!" सगळी शाळा एका सुरात ओरडली.

"मंग शिका," आत्या म्हणाली आणि खाली बसली.

त्याचा परिणाम असा झाला की सातवीतल्या त्या मुलीचा, म्हणजे ताईच्या लेकीचा, भाव एकदम वधारला. वर्षभर कोपऱ्यात बसणारी पोर. आता मधल्या सुट्टीत तिच्याभोवती घोळका. पाण्याला एर म्हणतात, गावाला नार म्हणतात, हे तिनं सगळ्या वर्गाला शिकवलं. एक शिवीही शिकवली असावी, कारण काही दिवस पोरं एकमेकांना काहीतरी म्हणून पळायची आणि आम्हा शिक्षकांना शिक्षा कशाबद्दल करावी तेच कळायचं नाही. मोठ्या बाईंनी शेवटी बाबांना विचारलं. बाबा लाजून म्हणाले, "अर्थ नका विचारू, बाई. पण फार वाईट नाही."

खर्रा थुंकणारे बंद झाले का? बरेचसे झाले. एकदा एक मोटरसायकलवाला तोंड भरून भिंतीपाशी वळला तर समोरच्या बसथांब्यावरच्या बायांनीच त्याला असं झापलं की त्याला ते सगळं गिळावं लागलं. ऑटोवाले आमच्या थांब्याला आता 'दोन विहिरी' म्हणतात. नव्यानं राहायला आलेले लोक विचारतात, विहिरी कुठे आहेत? मग त्यांना भिंत दाखवतात.

परीक्षा संपल्या आणि एका रविवारी ताईनं मला आणि मोठ्या बाईंना जेवायला बोलावलं. इतकी वर्षं मी त्या शाळेत आहे, पण नाल्यावरचा तो पूल कधी पायी ओलांडला नव्हता. पलीकडे गेल्यावर अरुंद गल्ली, सिमेंटची घरं, दारात कुंड्या, एका घरासमोर नवी कोरी स्कूटर आणि तिच्यावर वाळत घातलेले पापड. ताईच्या घरात पाऊल टाकलं आणि मी चमकले. चारी भिंती सपाट. फिक्या निळ्या डिस्टेंपरच्या. एक कॅलेंडर, एक घड्याळ, बस.

"ताई, तुमच्याच घरात एक चित्र नाही?"

"घरी कोण करते मॅडम! दिवसभर भिंती रंगवून आल्यावर घरच्या भिंतीकडे पाहू वाटत नाही."

"पंधरा वर्षांपासून सांगून राहिली मी हिले," आत्या आतून ओरडली.

जेवण झालं. आंबाडीची भाजी, तांदळाच्या भाकरी, कुरकुरीत तळलेली नदीतली बारीक मासळी. मोठ्या बाई शाकाहारी, त्यांच्यासाठी आत्यानं वेगळं वरण केलं होतं आणि त्यात मिरचीची अशी फोडणी दिली होती की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी दोनदा मागून घेतलं. हात धुऊन मी उठते तर आत्या समोर ब्रश आणि निळ्या रंगाचा डबा घेऊन उभी.

"ही नाही करत तर तू कर. तू चित्राची मास्तरीण ना?"

मी नाही नाही म्हटलं. आत्या ऐकणारी नव्हती. ताई भिंतीला टेकून बसली, पाय पसरले आणि म्हणाली, "काढा मॅडम, मी पाहते. आज माझी सुट्टी." मोठ्या बाईंनीही पदर खोचला आणि डबा धरायला पुढे आल्या. मग काय करणार? मी दाराशेजारच्या भिंतीवर एक मोर आखायला घेतला. मान लांब केली, पिसारा सोडला, आत ताईच्या त्या तीन रेघा भरायला लागले. जमत होतं असं मला वाटत होतं.

आत्या जवळ आली. चष्मा वर-खाली केला. मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला.

"मोर आहे का वं हा?"

"हो आत्या."

"पाय पाहून मले कोंबडी वाटली."

ताईला हसता हसता ठसका लागला. मोठ्या बाईंच्या हातातला डबा हिंदकळला आणि निळे थेंब फरशीवर पडले. मी पाय पुसून पुन्हा काढले, जरा बारीक, जरा लांब. आत्या अजून तिथेच उभी होती, आणि दुसऱ्या पायात काय चुकलंय ते सांगायला तिनं सुरुवात केली होती.